नोंदवहीत हरणं सात

आजचा विषय वरवर हलका वाटेल. बागेतल्या हरणांचा आहे. जिवंत नाही, फायबरच्या. पण त्यांना लागलेला पैसा तुमच्या-माझ्या करातला आहे आणि संध्याकाळी त्या बागेत घसरगुंडीवर जाणारी लेकरंही आपलीच आहेत, म्हणून पाच मिनिटं काढा.

आपल्या भागातल्या एका नगरपालिकेची ही बाग. नाव लिहीत नाही, कारण त्या जागी शेजारच्या तालुक्याचं नाव टाकलं तरी बाकी पोस्टमधलं काही बदलावं लागणार नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी सुशोभीकरणाच्या निधीतून तिथं सात हरणं बसली. सोबत दोन मोर, एक जिराफ, सिमेंटची मशरूमसारखी छत्री, मधोमध कारंजं आणि 'कचरा इथे टाका' म्हणत तोंड वासून उभे असलेले तीन पेंग्विन. मे महिन्याच्या बेचाळीस डिग्रीत पेंग्विन कुणाला सुचले, हा वेगळा विषय. उद्घाटन झालं, फीत कापली, आम्ही फोटो छापले.

आज तीन हरणं उभी आहेत. एकाची मान तुटून आतली लोखंडी सळई वर आलीय, बरोबर पाच-सहा वर्षांच्या लेकराच्या डोळ्याच्या उंचीवर. जिराफ शौचालयामागं आडवा पडलाय. मोराचा अर्धा पिसारा कुंपणाच्या भोकाला तारेनं बांधलाय, कुत्री आत येऊ नयेत म्हणून. सगळ्या बागेत खरा पुनर्वापर झाला असेल तर तो तेवढाच. कारंज्याच्या टाकीत हिरवं पाणी, त्यावर गुटख्याच्या पुड्या.

मी तिथल्या एका कर्मचाऱ्याला विचारलं, की बाबा, हे काढून का टाकत नाहीत? माणूस साधा आहे, खरं बोलला. म्हणाला, "भाऊ, नोंदवहीत हरणं सात आहेत. तपासणीला आले तर सात दाखवावी लागतात. म्हणून तुटलेल्यांचे पाय पोत्यात भरून ठेवलेत." पोतं दाखवलं पण. वर खडूनं लिहिलेलं, 'हरीण - ४ नग'.

हसू नका, तो चुकीचं करत नाही. सरकारी कार्यालयात खुर्ची, कपाट, पंखा, हरीण, जे काही विकत येतं ते जडवस्तू संग्रह नोंदवहीत चढतं. बोलीभाषेत डेडस्टॉक रजिस्टर. चढवायला एक सही पुरते. उतरवायचं तर त्याला निर्लेखन करावं लागतं. म्हणजे वस्तू निकामी झाली अशी टिपणी, दुरुस्तीलायक नाही असा तांत्रिक माणसाचा दाखला, किंमत ठरवणं, वरिष्ठांची किंवा सभेची मंजुरी, मग लिलाव, आलेले पैसे पालिकेच्या निधीत जमा, आणि शेवटी नोंदवहीत त्या नगापुढं लाल शाईनं रेघ. हे न करता कुणी जिराफ उचलून घंटागाडीत टाकला, तर कागदावर तो जिराफ हरवला आणि हरवणारा तो कर्मचारी. वसुली त्याच्या पगारातून. तुम्ही त्या जागी असता तर पोतं भरून ठेवलं असतं की नाही?

पण वरच्यांना ही प्रक्रिया चालवायला कोण अडवतं? खरी मेख इथं आहे. निर्लेखनाची फाईल उघडली की पहिलाच प्रश्न येतो, वस्तू घेतली कधी आणि मोडली कधी. मग दुसरा, की कंत्राटदाराचा दोष दायित्व कालावधी होता ना, त्या मुदतीत त्याच्याकडून दुरुस्त का करून घेतली नाही? तिसरा प्रश्न बिलाचा. म्हणजे मोडकं हरीण बाहेर काढायचं तर जुनं टेंडरही बाहेर निघतं. हरीण जागेवर पडून आहे तोवर कागदावर ते धडधाकट आहे आणि त्याच्याबरोबर सगळेच सुखरूप आहेत. निष्काळजीपणापेक्षा ही सोय जास्त आहे, असं माझं मत. वीस वर्षं पालिकांच्या सभा कव्हर करून झालेलं मत आहे.

आता समजा एखाद्या शहाण्या मुख्याधिकाऱ्यानं लिलाव काढलाच, तर घेणार कोण? लोखंडी झोका, बाक, ग्रील असेल तर भंगारवाला वजनावर घेईल, लोखंड वितळतं. फायबर वितळत नाही. काचेचे धागे राळेत बसवून ते केलेलं असतं. एकदा कडक झालं की बादलीच्या प्लास्टिकसारखं गरम करून त्याचं दुसरं काही होत नाही. त्यामुळं भंगारात त्याला भाव शून्य. जाळलं तर धूर विषारी, कापलं तर त्याची भुकटी अंगाला खाजवते आणि छातीत जाते. पुरलं तर आपल्या नातवंडांनंतरही तसंच. म्हणजे सगळ्यात स्वस्तात बसणारी वस्तू हीच काढायला सगळ्यात महाग. हे खरेदीच्या वेळी कुणी सांगत नाही, कारण अंदाजपत्रकात 'पुरवणे व बसवणे' एवढंच लिहिलेलं असतं. 'काढणे व विल्हेवाट लावणे' हा रकाना मी अजून एकाही सुशोभीकरणाच्या अंदाजपत्रकात वाचलेला नाही.

त्यातल्या त्यात सिमेंटचं सोपं आहे. बांधकाम व पाडकाम कचऱ्याचे नियम 2016 पासून आहेत. हा राडारोडा वेगळा गोळा करायचा, घरच्या कचऱ्यात मिसळायचा नाही. मशरूमची छत्री फोडली तर पायवाटेखाली भर म्हणून जाते. तिचा गोल कट्टा मात्र फोडू नये, म्हाताऱ्या माणसांना बसायला तो उत्तम आहे.

कारंज्याचं पाहा. आपल्याकडं कारंजं मरतं ते चोरीनं कमी आणि पाण्यानं जास्त. बोअरचं पाणी क्षाराचं, वर्षभरात तोट्या बुजतात. मग मोटार जळते, मग वीजबिलावरून कुणीतरी कनेक्शन तोडतं. आणि ज्या गावात उन्हाळ्यात नळाला कितव्या दिवशी पाणी येणार हे बायका भिंतीवर लिहून ठेवतात, तिथं पाणी हवेत उडवायचं हेच मुळात लोकांना पटत नाही. नंतर राहते ती टाकी, आणि ती पावसात भरते.

डेंगीचा डास घाणीत वाढत नाही. त्याला साठलेलं, बऱ्यापैकी स्वच्छ पाणी लागतं. अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, अंडी कोरडी पडली तरी महिनोन् महिने टिकतात आणि पहिल्या पावसात फुटतात. आशाताई दारोदार फिरून आपल्याला आठवड्याचा कोरडा दिवस पाळायला सांगतात, आपल्या फ्रीजमागचा ट्रे तपासतात, कूलर उलटा करायला लावतात. आणि पालिकेच्या स्वतःच्या बागेत पोटात पाणी साठलेले तीन पेंग्विन, एक फुटका हंस आणि रंगवलेल्या टायरांची रांग! टायरात पाणी कसं बसतं ते कधी पाहा. ओतून काढायला गेलं तरी आतल्या कडेला राहतंच.

दुसरा धोका अंगावर पडण्याचा. जून 2025 मध्ये संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानाच्या प्रवेशद्वाराचा वरचा भाग वादळी वाऱ्यात कोसळला आणि दोन महिलांचा जीव गेला. बागेत जायला निघालेली माणसं होती ती. त्या घटनेचे तपशील हा या पोस्टचा विषय नाही. पण बागेतली शोभेची बांधकामं एकदा उभी राहिली की ती किती वर्षांनी तपासायची, हे आपल्याकडं कुठल्या भिंतीवर लिहिलेलं असतं?

आता जरा गावाकडं वळतो, कारण शोभेच्या बागा आपल्याला नव्या नाहीत. खुलताबादेत बनी बेगमची बाग आहे. बनी बेगम म्हणजे औरंगजेबाच्या एका मुलाची बायको. मध्ये तिचा मकबरा, पन्हाळीदार खांब, चारी बाजूंनी उंच भिंत, कारंज्यांच्या जागा. औरंगजेबाचा दूधभाऊ खानजहान, त्यानं लावलेली लाल बाग आहे. कारंजी तिथलीही कोरडीच. पण फरक बघा. तिथं जे मोडलंय ते दगडाचं मोडलंय, म्हणजे उचलून परत बसवता येतं. त्या काळी पाणी उडायचं ते उतारावर. कुठून तरी उंचावरून नळानं आणायचं आणि त्याच्याच दाबानं वर काढायचं. मोटार नाही, बिल नाही. ज्या मलिक अंबरनं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खडकीला, म्हणजे आजच्या संभाजीनगरला, जमिनीखालून नहर खोदून पाणी आणलं, त्याची कबर आपल्याच गावात आहे. 1626 मध्ये तो गेला. पाणचक्कीच्या हौदात वरून पाणी कोसळायचं तेही असंच, उतारावर.

मी काही जुनं ते सोनं म्हणणारा माणूस नाही. त्या बागा बादशाही होत्या, गरिबाला आत सोडत नसतील. मुद्दा एवढाच की तेव्हाच्या माणसानं बागेत एक दगड बसवताना तो पुढं कोण सांभाळणार याचाही विचार केला होता. जहागीर तोडून द्यायचे, माळी नेमायचे. आपण रिबन कापतो आणि निघतो.

मार्च 2025 मध्ये आपल्या गावात जेवढे कॅमेरे आले तेवढे माझ्या हयातीत आले नव्हते. एका कबरीसमोर सगळे. ती ठेवायची की काढायची यावर दिल्लीपर्यंत चर्चा. चहाच्या टपरीवर आम्ही त्यांच्यातल्या दोघांना म्हटलं, चला, चालत जाता येईल इतक्या अंतरावर बनी बेगमची बाग आहे, तिची अवस्था दाखवा. आले नाहीत. त्यांचा दोष नाही, वरून तशी ऑर्डर नव्हती.

पण त्यावरून एक लक्षात आलं. आपल्याकडं सार्वजनिक जागेतली वस्तू हलते ती रागानं. 1965 साली मुंबईत इंग्रजांचे पुतळे चौकांतून हलवले ते असेच, लोकभावना पेटल्यावर. काळा घोडा, म्हणजे घोड्यावरचा राजपुत्र एडवर्ड, 1879 चा पुतळा, तोही तेव्हाच भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेला. नाव मात्र चौकाला चिकटून राहिलं. शेवटी 2017 मध्ये तिथं पुन्हा एक घोडा उभा केला, यावेळी स्वार नसलेला. राणीच्या बागेत पुतळे ठेवले, फोडून खाडीत टाकले नाहीत, हे मला आवडतं. त्याच बागेच्या आवारात घारापुरीचा दगडी हत्तीही आहे. 1864 मध्ये साहेबाला तो इंग्लंडला न्यायचा होता, उचलताना तुटला. तुकडे गोळा करून बागेत आणले आणि पुढं जोडून उभा केला. आणि ज्याच्यावरून एका चौकाची ओळख झाली ते फ्लोरा फाउंटन, ते मुळात याच राणीच्या बागेसाठी ठरलं होतं. बेत बदलला आणि ते 1864 मध्ये फोर्टात उभं राहिलं. बागेचा दागिना रस्त्याला गेला. त्या दगडावर वर्षानुवर्षं रंगाचे थरांवर थर चढवले होते. ते सगळे उतरवून 2019 च्या जानेवारीत ते पुन्हा सुरू झालं. आपल्याकडं 26 जानेवारी आली की ऑइलपेंटचा डबा घेऊन दगडी खांब, पार, ओटा दिसेल ते रंगवत सुटणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. रंगानं दगडाचा श्वास कोंडतो, आत ओल धरते आणि पापुद्रे सुटतात.

म्हणजे रागानं वस्तू हलतात, पैशानं जागेवर येतात. नुसती मोडलेली वस्तू मात्र कुणाच्याच अजेंड्यावर नसते. मोडक्या जिराफासाठी मोर्चा कोण काढणार?

आणि नवीन माल येतच आहे. फेब्रुवारी 2023 मध्ये, 27 आणि 28 तारखेला, जी-20 च्या महिलांच्या बैठकीसाठी, म्हणजे डब्ल्यू-20 साठी, संभाजीनगरला पाहुणे आले. त्याआधी शहर सजवलं. कारंजी, कुंड्या, रंगवलेल्या भिंती, दिवे. पाहुणे वेरूळ बघून गेले. सजावट दोन दिवसांसाठी होती की वीस वर्षांसाठी, हे मात्र ठरवलेलं नव्हतं. आता छोट्या गावांत 'आय लव्ह अमुक' अशी लाल बदामाची अक्षरं आलीत. ॲक्रिलिक आणि आत एलईडी. दोन पावसाळ्यांत एक अक्षर विझतं. एका ठिकाणी 'लव्ह'च विझलंय, 'आय' आणि गाव तेवढं पेटतं. पाच वर्षांनी हे सगळं त्या हरणांच्या पोत्याशेजारी जाणार आहे.

घराघरांतही हाच प्रश्न आहे, फक्त तिथं उत्तर बरं निघतं. जुना वाडा पाडून स्लॅबचं घर झालं की दगडी तुळशीवृंदावन, जातं, उखळ, रांजण, पाटा यांचं काय करायचं? वृंदावन कुणी भंगारात घालत नाही. नव्या घराला अंगण नसेल तर देवळाच्या आवारात नेऊन ठेवतात, किंवा लेकीला अंगण असेल तर तिच्याकडं जातं. जात्याची गंमत निराळी. ज्या जात्यावर आपल्या आज्या पहाटे दळत होत्या, ते आता हॉटेलच्या दारात आडवं ठेवून त्यावर मनीप्लांट लावतात. मला ते बघून वाईट वाटत नाही. निदान कुणी गटारावर फरशी म्हणून तरी टाकलं नाही.

एक सावधगिरी मात्र आपल्या गावात घ्यायलाच हवी. पाया खोदताना, विहीर उपसताना कोरीव दगड सापडला, मूर्तीचा तुकडा, नक्षीचा खांब, अक्षरं कोरलेली शिळा, तर तो 'बागेत छान दिसेल' म्हणून ठेवू नका आणि विकू तर अजिबात नका. 1972 च्या पुरावशेष कायद्यानं शंभर वर्षांवरच्या कोरीव वस्तूंना संरक्षण आहे, दगडी शिल्पांची नोंदणी करावी लागते, विनापरवाना धंदा हा गुन्हा आहे. जमिनीत सापडलेल्या मौल्यवान वस्तूंची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना द्यायची, हा कायदा तर 1878 चा आहे. तहसीलमध्ये कळवा. संभाजीनगरला सोनेरी महालात राज्य पुरातत्त्वचं संग्रहालय आहे. 'सरकार घर ताब्यात घेईल' या भीतीनं लोक रातोरात शिळा फोडतात किंवा पुन्हा पायात गाडतात. एका दगडासाठी कुणी घर घेत नाही.

तर आता मागणी. डिसेंबर 2025 मध्ये नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या. इतकी वर्षं प्रशासकाकडं बोट दाखवता येत होतं, आता आपण निवडून दिलेली माणसं सभागृहात आहेत. त्यांना माझं सांगणं साधं आहे. पहिल्या वर्षात एक निर्लेखनाची मोहीम घ्या. कुणाची चौकशी लावायची नसेल तर लावू नका, ती वेगळी लढाई आहे आणि मी ती वेगळी लढेन. पण मोडकं मोडकं म्हणून कागदावर येऊ द्या. ज्याच्यावर सळई, काच किंवा धारदार कड आहे ते पंचनामा करून, फोटो काढून त्याच आठवड्यात हलवा, लिलाव नंतर होत राहील. जे फायबर धड आहे त्याच्या बुडाला भोकं पाडून माती भरा आणि पाणी मागणार नाही असं झाड लावा. पेंग्विनच्या पोटात कोरफड मजेत येते. बंद कारंज्याच्या टाकीचंही तेच, पण आधी तळाला आरपार भोकं पाडा, नाहीतर पावसाळ्यात मुळं कुजतील. मग माती, शेणखत आणि निरगुडी, कढीपत्ता, जास्वंद. माळ्याला विचारा, तो माझ्यापेक्षा चांगलं सांगेल. त्याला कुणी विचारत नाही एवढंच.

आणि यापुढं सुशोभीकरणाच्या प्रत्येक अंदाजपत्रकात तीन ओळी वाढवा. वस्तू किती वर्षं टिकणार, सांभाळणार कोण आणि कशातून, आणि मुदत संपल्यावर काढून नेणार कोण. तिसऱ्या ओळीसमोर कंत्राटदाराचं नाव लिहा आणि तेवढी रक्कम त्याच्या अनामतीतून राखून ठेवा. बघा मग हरणांचा भाव कसा बदलतो. कदाचित कुणी म्हणेल, या पैशात चार लिंब आणि दोन वड लावू, आणि सावलीत एक बाक टाकू. आपल्याकडच्या उन्हात बागेत येणाऱ्या माणसाला तेच हवं असतं.

माहिती अधिकाराचा अर्ज मी टाकलाय. दहा रुपये, एक पान, चार प्रश्न. बागेसाठी खरेदी केलेल्या शोभेच्या वस्तूंची नोंदवहीतली यादी, खरेदीची तारीख आणि रक्कम, दोष दायित्व कालावधी किती होता, आणि आजवर किती वस्तूंचं निर्लेखन झालं. तीस दिवस पुढच्या महिन्याच्या बुधवारी भरतात. उत्तर आलं की जसंच्या तसं इथं टाकतो. तोपर्यंत तुमच्या गावच्या बागेत चक्कर मारा, उभी हरणं मोजा आणि आकडा कळवा. पाय धरू नका, मानेसकट असतील तीच मोजा.